थोरलीचा आवाज

मुरुमला आमच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला लागून नागम्माक्कांचं घर. मधे एकच भिंत. माझ्या गिरणीचा खडखडाट त्यांनी वर्षानुवर्षं सोसला आणि त्यांच्या घरातलं बोलणं मी आयतं ऐकलं. गिरणी बंद असली की त्यांचा आवाज भिंतीतून असा यायचा, की वाटायचं बाई आपल्याच चुलीपाशी बसून बोलतेय. आता त्या घरातून भांड्यांचा आवाज येतो, भाकरी थापल्याचा येतो. माणसाचा क्वचित.

त्या आवाजाचं सांगते. फार गोड होता असं नाही. भरीव होता आणि लांब जायचा, पण कुणाच्या कानावर आदळायचा नाही. मठाच्या जत्रेत कुणाचं पोर चुकलं की मठातला माणूस माईक घेऊन अक्कांना शोधत यायचा. दुसऱ्या कुणी पुकारलं तर चुकलेलं पोर जास्तच रडायचं आणि त्याची आई धडपडत, ठेचकाळत यायची. अक्का सांगायच्या, "निळा सदरा घातलेलं पोरगं इथं हाय. रडत न्हाय. शेंगा खातंय. आईनं पळत येऊ नये, सावकाश यावं."

त्यांचं माहेर आळंद तालुक्यातलं, म्हणजे कर्नाटकात. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. चौदाव्या वर्षी लग्न होऊन मुरुमला आल्या. मराठी त्या दुकानांच्या पाट्या वाचत शिकल्या. पहिलं बाळ झालं ते पहिल्याच उन्हाळ्यात गेलं आणि पुन्हा काही राहिलं नाही. त्याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. सुपातला गहू निवडावा तसं सहज म्हणाल्या, "धुरपताबाई, म्याच लेकरू हुते तवा. मला लेकरू धराया येत नव्हतं."

नवरा महालिंगप्पा. त्यांना त्या कानडी पद्धतीनं "री" अशी हाक मारायच्या. महालिंगप्पा गणपतीचे हलते देखावे करायचे. जुन्या कूलरच्या मोटारी, सायकलच्या चेन, बांबू, प्लायवूड, चंदेरी कापड एवढ्यावर ते राक्षस झोपेतून उठवायचे आणि समुद्र दुभंगवायचे. आळंदपासून उमरग्यापर्यंत त्यांना बोलावणं असायचं. दहावीला बसले नाहीत, पण वाचनालयातलं आकाशाबद्दलचं जे काही मराठीत असेल ते वाचलेलं. जेवताना बायकोला ग्रह-ताऱ्यांचं सांगत बसायचे, आणि ती भाकरी वाढता वाढता "मग?" म्हणायची. भिंतीपलीकडून मीही ऐकायची.

करोनात गणपती बंदच होते. ते उघडले त्या साली पेठेतल्या मंडळाच्या पोरांना काहीतरी नवं हवं होतं. मंडळाचे अध्यक्ष बलभीम. दोन टेम्पो, बरीच जमीन, बोलायला मोकळा माणूस. दर साली महालिंगप्पांना काम तेच द्यायचे. बलभीमांच्या शेडात सगळे जमले आणि महालिंगप्पांनी तिथं स्वतःच्या डोक्यातली गोष्ट सांगितली. अक्काही गेल्या होत्या, मापं लिहून घ्यायला.

गोष्ट अशी. माणसांसारखेच लोक होते, पण त्यांची भुई संपलेली. उकरून उकरून त्यांनीच संपवलेली. मग ते जहाजांत राहायला गेले आणि ताऱ्यांमधून फिरत राहिले. एकेक जहाज मुरुमपासून उमरग्यापर्यंत लांब. आत शेतं, शाळा, म्हशी, मसणवटा, सगळं. आणि प्रत्येक जहाजाला एक कॉम्प्युटर.

"आपल्या सोसायटीच्या ऑफिसातला न्हवं," महालिंगप्पा म्हणाले. "जागा झालेला. त्याला हजार वर्षं फुडचं गणित आत्ता दिसतंय. आतल्या एकेका माणसाची नाडी कळती. आन तुमाला-मला दुखतंय तसं त्याला दुखतंय."

"आन कुणी त्याचं ऐकलं न्हाय तर?" एका पोरानं विचारलं.

"त्यानं काय करावं मग? माणसं त्याच्या पोटात हायेत. पोटातल्याला कोण मारतंय?"

सगळ्यांत मोठ्या जहाजाचं नाव थोरली. तिच्या पाठची धाकली. धाकलीची मशिनं बंद पडतात आणि एक विझत चाललेला सूर्य तिला आत ओढायला लागतो. ती थोरलीला हाक मारते. थोरलीला एका क्षणात सगळं गणित कळतं. गेली तर दोघी बुडणार, न गेली तर एकच. ती जात नाही. पण धाकली पुरती जळून जाईपर्यंत ती तिच्याशी बोलत राहते.

बलभीम म्हणाले, "गणपतीत लोकांना रडवायचं व्हय?" पण पोरांना जहाज आवडलं, लाईटी आवडल्या. ठरलं.

थोरलीचा आवाज कुणी द्यायचा हा प्रश्नच नव्हता. महिनाभर त्या घरातून थोरलीच बोलत होती आणि माझ्या गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका थांबून ऐकत होत्या. अक्का नुसतं पाठ करत नव्हत्या, नवऱ्याला अडवायच्या.

"री, हिला एवढं कळतंय, तर हिला झोप कशी लागती?"

"लागत न्हाय."

"आन रडू आलं तर?"

"डोळे न्हाईत तिला."

"मग ते सगळं जातंय कुठं?"

दुसऱ्या दिवशी महालिंगप्पा फॅनचा जुना रेग्युलेटर घेऊन आले आणि तो थोरलीच्या दिव्याला जोडला. टीव्हीची मोठी छत्री रंगवून त्यांनी थोरलीचं तोंड केलं होतं, त्याच्या मधोमध तो दिवा. रेग्युलेटर अक्कांच्या हातात. थोरलीला दुःख झालं की दिवा बारीक करायचा. बोलायची नाही तेव्हा दिव्यानं सांगायचं.

खरं तर आवाज आधी भरून ठेवला होता, तो नुसता वाजवायचा होता. पण स्थापनेच्या संध्याकाळी लाईट झपकन जास्त आली आणि मशीन जळालं. बाहेर ही गर्दी. बलभीम बायको-पोरींना घेऊन पुढंच उभे. महालिंगप्पांनी एक माईक आणि एक स्टूल प्लायवूडच्या मागं सरकवलं आणि अक्का आत जाऊन बसल्या. समोर बघायला एक फट होती, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी.

धाकली जळाली. थोरलीचा दिवा बारीक झाला. तेवढ्यात बापाच्या खांद्यावर बसलेलं एक पोरगं म्हणालं, "थोरले, तू जेवलीस का?"

लोक हसले. मग दिवा मोठा झाला आणि आवाज आला, "न्हाय बाळ. तू जेव. तू जेवलास की मला कळतंय."

तिथून पुढं देखावा राहिला बाजूला. लोक थोरलीशी बोलायला यायला लागले. कुणी विचारलं म्हैस कधी विणार, तर थोरली म्हणाली, "ते म्हशीला ठाऊक. तिला विचार, तिच्या अंगावरून हात फिरव." कुणी विचारलं दहावी पास होईन का, तर, "मला हजार वर्षं फुडचं कळतंय, पण तुझं पुस्तक तू उघडलं का न्हाय ते तूच सांग." बेंबळीकडचा धुळाप्पा नावाचा मेंढपाळ तेव्हा आमच्या शिवारात मेंढरं घेऊन उतरला होता. तो काठी टेकून उभा राहिला आणि विचारलं, "तुमी जाता त्या वाटंला चारा हाय का?"

"न्हाय," थोरली म्हणाली. "चारा न्हाय, पाणी न्हाय."

"मग कशापायी चालता?"

"थांबायला जागा न्हाय म्हणून."

धुळाप्पा तिथंच बराच वेळ बसून राहिला. उठताना छत्रीला हात जोडले आणि गेला.

मी अक्कांना म्हटलं, "तुमी देव झाला की." त्या म्हणाल्या, "देवाला उत्तर द्यावं लागत न्हाय, धुरपताबाई. मला द्यावं लागतंय." पण खूश होत्या. तेवढ्या दिवसांत मी त्यांना जितकं खूश पाहिलं तितकं आधी नाही आणि नंतर तर नाहीच.

दुपारी मांडवात कुणी नसायचं. अक्का आत स्टुलावर बसून वाती वळायच्या. अशाच एका दुपारी निकिता आली. बलभीमांची थोरली मुलगी, दहावीतली. पाठीला दप्तर, दोन वेण्या. इकडं तिकडं बघून ती छत्रीजवळ आली आणि हळू म्हणाली, "थोरले, हायेस का?"

अक्कांनी फटीतून तिला ओळखलं. माईक बंदच ठेवला, पातळ फळीतून नुसत्या बोलल्या तरी ऐकू जात होतं. "हाय. बोल."

"लगीन केल्याबिगर राहता येतंय का?"

"कुणाचं लगीन?"

"माझं. तुळशीचं लगीन झालं की करणारेत. आळंदकडं. पोरगा बघून गेला. मला चहा न्यायला लावला."

"वय किती तुझं?"

"सोळावं लागलंय."

"आई काय म्हणती?"

"आई म्हणती, बापासमोर बोलू नको. तू बोललीस तर मार मला बसंल."

अक्कांनी मला नंतर सांगितलं, की त्या वेळी त्यांनी नकळत रेग्युलेटर फिरवला आणि दिवा पार बारीक झाला. निकिताला वाटलं थोरली गेली. ती म्हणाली, "थोरले?"

"हाय," अक्का म्हणाल्या. "ऐक. अठरा व्हायच्या आत लगीन करायला कायद्याची मनाई हाय. तुझ्या शाळेच्या बाईंना सांग. त्या न्हाय बोलल्या तर दहा नऊ आठ हा नंबर हाय, लेकरांसाठीच हाय. कुणाच्याबी फोनवरनं लाव."

"मग काय हुतंय?"

"लगीन थांबतंय."

"खरंच?"

"व्हय."

"तू असशील ना? तुला तर इसर्जनाला मोडत्यात."

अक्का म्हणाल्या, "मोडू दे. म्या हितंच हाय, ह्याच गावात." निकितानं छत्रीच्या खालच्या कडेला हात लावला, जणू पाया पडतेय, आणि निघून गेली. तिला आत कोण आहे ते माहीत होतं का, हे अक्कांना तेव्हा कळलं नाही. त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं नाही. मला सांगितलं तेही फार नंतर.

दसरा झाला. बलभीमांच्या घरी बस्त्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा निकितानं शाळेतल्या बाईंना सांगितलं. बाई चांगल्या. त्यांनी टाळाटाळ केली नाही, स्वतः फोन लावला. धाराशिवहून दोन बाया आणि एक साहेब आले, बरोबर पोलीस. त्यांनी आईबापांना समोर बसवून समजावलं. बलभीमांनी लिहून दिलं, की अठरा पूर्ण होईपर्यंत पोरीचं लग्न करणार नाही. सही केली, सगळ्यांना चहा दिला, गाडीपर्यंत सोडायला गेले. सगळं जसं व्हायला पाहिजे तसं झालं. कुणी आपल्या कामात कसूर केली असं मला आजही म्हणता येत नाही.

गाडी गेल्यावर भावकी जमली. निकिताला मधे बसवून विचारलं, तुझ्या डोक्यात हे कुणी घातलं. ती म्हणाली, थोरलीनं. काहीजण हसले. बलभीम हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या गल्लीत आले. मी गिरणीचा पट्टा चढवत होते, तो तसाच ठेवला. ते महालिंगप्पांच्या दारातल्या बाजेवर बसले. महालिंगप्पांनी चहा सांगितला.

"महालिंगप्पा, तुमच्या मंडळींनी माझ्या पोरीला काय सांगितलं?"

महालिंगप्पांना काही माहीतच नव्हतं. अक्का चहा घेऊन आल्या, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांला इचारू नका. त्यांला ठाऊक न्हाय. म्या सांगितलं."

"काय म्हणून?"

"तिनं इचारलं म्हणून."

"लेकरू खेळण्याशी बोलत हुतं, अक्का."

"व्हय. म्या खेळण्यातनं बोलले. पण खोटं न्हाय बोलले."

बलभीम चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. कप हातात घेतला. मग म्हणाले, "आमच्या चुलत्याची पोरगी गेल्या साली पुण्याच्या गाडीत बसली ती बसलीच. चुलता आता देवळाच्या पारावर येत न्हाय. घरातल्या घरात म्हातारा झाला. मला तीन पोरी हायेत. मला रात्रीचा डोळा लागत न्हाय. तुमाला काय सांगू? तुमच्या घरात पाळणा हलला न्हाय, तुमाला ते कळायचं न्हाय."

बलभीमांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मंडळाचं जे सामान तुमच्याकडं हाय ते शेडात आणून टाका." आणि ते गेले. चहा संपवूनच गेले.

त्या दिवशी महालिंगप्पांनी बायकोला बोल लावला नाही. फक्त एवढं म्हणाले, "मला तरी सांगायचं." अक्का म्हणाल्या, "तुमी नको म्हणला असता." ते म्हणाले, "व्हय. म्हणलो असतो."

तुळशीच्या लग्नानंतर निकिता शाळेत दिसेनाशी झाली. बलभीमांच्या घरी विचारलं तर मावशीकडं गेलीय. मावशी आळंदकडची. तिथल्या एका शेतात, ना मांडव ना वाजंत्री, वीस-पंचवीस माणसांत लग्न लागलं. सरहद्दीच्या अलीकडचे कागद पलीकडं चालत नाहीत असं नाही, पण ते पलीकडं घेऊन जायला कुणीतरी लागतं. शाळेच्या बाईंनी पुन्हा फोन लावला. चौकशी झाली. निकितानं स्वतःच सांगितलं म्हणे, मला एकोणिसावं चालू आहे. तसा एक दाखलाही निघाला. त्या बाईंची पुढच्या साली बदली झाली.

गावात उघड कुणी काही बोललं नाही. पण महालिंगप्पांना बोलावणं येईना. पुढच्या गणपतीत पेठेतल्या मंडळानं सोलापूरहून तयार रोबो भाड्यानं आणला. त्याच्या डोळ्यांत लाल दिवे, आणि पोरांनी काहीही विचारलं तरी तो म्हणायचा, "नमस्कार, आपले स्वागत आहे." पोरं पुन्हा पुन्हा विचारायची आणि खूश व्हायची. बाकी मंडळांनी देखावेच सोडले. भिंती हादरवणारे डीजे आणि आकाशात फिरणाऱ्या लेझर लाईटी आल्या. खरं सांगायचं तर महालिंगप्पांचा धंदा तसाही राहिला नसता, बलभीमांनी फक्त तो एक-दोन वर्षं आधी संपवला. आता ते उमरग्याला पुतण्याच्या दुकानात फ्लेक्स कापतात. वाढदिवसाचे चेहरे, श्रद्धांजलीचे चेहरे. सकाळच्या एसटीनं जातात, संध्याकाळी येतात आणि जेवताना बोलत नाहीत.

अक्का निकिताला शोधायला गेल्या ते त्या लग्नानंतर बऱ्याच महिन्यांनी. भावाच्या नातवाचं बारसं होतं, ते निमित्त. माहेरी जाऊन त्यांनी गाव कुठलं ते काढलं आणि एकट्याच गेल्या. त्या घरातली माणसं मराठी, पण सासू कानडीच जास्त बोलणारी, आणि गाव सगळं कानडी. अक्कांनी कानडीत विचारपूस केली, पाणी मागितलं, त्यामुळं सासूनं आत घेतलं. पाणी घेऊन निकिता आली. डोक्यावरून पदर, पोट पुढं आलेलं.

सासू गोठ्याकडं गेली तेव्हा अक्का म्हणाल्या, "मला वळखलंस का? मुरुमची."

"आवाजावरनं वळखलं," निकिता म्हणाली. "बोललात तवाच."

अक्का तिच्याजवळ सरकल्या. निकितानं विचारलं, "अक्का, तुमाला कानडी येतंय ना? सण्ण हुडुगी म्हंजे काय? पाण्यावर बाया मला बघून म्हणत्यात."

"लहान पोर."

निकितानं मान हलवली. तिला वाटलं होतं शिवी असेल. मग म्हणाली, "हितं बायांशी बोलाया येत न्हाय. दिवसभर तोंड मिटून असतंय. आधी थोरलीशी बोलायचे मनात. मग बंद केलं."

"का ग?"

"तिला काय ठाऊक हुतं?"

निकिता शांतपणे बोलत होती, रागानं नाही. तेच जास्त लागलं असं अक्का म्हणाल्या. "लगीन तर हुणारच हुतं, अक्का. तुमी सांगितलं नसतं तर माहेर तरी राहिलं असतं. आता बाबा म्हणत्यात, पोलीस आणलेल्या पोरीला उंबरा न्हाय. पंचमीला न्हेलं न्हाय. बाळंतपणालाबी न्हेणार न्हाईत. आईचा फोन यायचा चोरून, तोबी आता येत न्हाय. तुमी भल्यासाठी केलं, मला ठाऊक हाय. पण पुन्हा येऊ नका. ह्यांना कळलं तर मला जड जातंय."

सासू परत आली. निकितानं रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

अक्का मुरुमला आल्या त्या स्टँडवरून घरी न जाता थेट माझ्या गिरणीत आल्या. पिठाच्या पोत्यावर बसल्या. हे सगळं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, छत्रीसमोरच्या त्या दुपारचंही तेव्हाच. बोलताना आवाज नेहमीचाच होता, भरीव. शेवटी म्हणाल्या, "म्या तिला सांगितलं, लगीन थांबतंय. मला कुठं ठाऊक हुतं, धुरपताबाई? मला चौथीपोतर शाळा. थोरलीला ठाऊक असतंय म्हणून म्या बोलले. थोरली तर आमच्या ह्यांच्या डोक्यात हुती."

मी म्हटलं, "दुसरं काय सांगणार हुता?"

"तेच म्हणते. दुसरं बी काय सांगणार हुते?"

आम्ही दोघी तिथंच बसलो. दळण घेऊन एक बाई आली, तिला मी उद्या ये म्हणून सांगितलं.

त्यानंतर अक्कांचं बोलणं आटत गेलं. एका दिवसात नाही. आधी गल्लीत बोलायच्या थांबल्या, मग घरात. जत्रेत मठातला माणूस माईक घेऊन आला तेव्हा त्यांनी घसा दुखतोय म्हणून हातानं खूण केली. घसा दुखत नव्हता. महालिंगप्पांनी एकदा जेवताना पुन्हा आकाशातलं काही काढलं. कुठंतरी नवा ग्रह सापडला होता. त्यांनी थोडं सांगितलं आणि "मग?" यायची वाट बघितली. मीही भिंतीला कान लावून वाट बघितली. तिकडून फक्त तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला. त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आता अक्का ज्वारीच्या कडक भाकरी करतात. ज्वारी माझ्याकडं दळतात. उमरग्याची दोन हॉटेलं घेतात, काही बायका घरी येऊन घेतात.

त्या बायकांत वर्षाराणी आहे. बलभीमांची बायको, निकिताची आई. तिच्या घरी भाकरी करायला दोन बाया आहेत, तिला विकत घ्यायची गरज नाही. ती सोमवारी येते, बाजाराच्या गर्दीत, पदर तोंडावर ओढून. पहिल्यांदा आली तेव्हा मी दारातच उभी होते. अक्कांनी भाकरी मोजून कागदात बांधल्या आणि तिच्या हातात दिल्या. वर्षाराणी उभीच राहिली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी गेला हुता म्हणे."

अक्कांनी मान हलवली.

"कशी हाय?"

अक्कांनी तिच्याकडं बघितलं. त्या बाईला नवऱ्याच्या समोर फोन करता येत नव्हता, जाता येत नव्हतं. गावातल्या दुसऱ्या कुणाला विचारता येत नव्हतं. नातू झाला की नात हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

"बरी हाय," अक्का म्हणाल्या. "अंगानं भरलीय. सासू जीव लावती. कानडी बोलाया शिकली."

वर्षाराणीच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं. "शिकली?" ती म्हणाली. "लहानपणापासनं हुशारच हाय ती."

तेव्हापासून ती दर सोमवारी येते. भाकरी घेते आणि उभी राहते. अक्का दिवसभर कुणाशी बोलत नाहीत, पण तिच्याशी बोलतात. निकितानं परसात मेथी लावली. निकिताला नवऱ्यानं कलबुर्गीहून साडी आणली. बाळ आईवर गेलंय. मी गिरणी बंद करून ऐकते. आवाज अगदी पूर्वीसारखा आहे. वर्षाराणीला त्यातलं किती खरं वाटतं ते मला ठाऊक नाही. ती उलट काही विचारत नाही. कागदात बांधलेल्या भाकरी पदराखाली धरते आणि बाजाराच्या बाजूनं निघून जाते, आणि अक्का परात पुढं ओढून पुढचं पीठ मळायला घेतात.